पाण्यावरची साय

आश्विनातलं ऊन यंदाही वेळेवर आलं. पाऊस गेला म्हणजे पंधरा दिवसांत कल्याणच्या रस्त्यांतला चिखल वाळतो, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात आणि दुपारी कचेरीत लिहिताना हाताचा घाम कागदाला लागून शाई पसरते. खाडीकडचा वारा सुटतो तो थेट संध्याकाळी. तोवर झाडाचं पान हलत नाही, आणि तळ्याचं पाणीही हलत नाही.

अशा थांबलेल्या पाण्याला एक वास येतो. गवताची गंजी पावसात भिजावी, आतून कुजू लागावी आणि मग वरून ऊन पडावं, तसा. थोडा गवताचा, थोडा मातीचा, आणि त्याखाली काहीतरी ओंगळ. काल संध्याकाळी कचेरीतून घरी येताना तळ्याच्या वळणावर तो वास आला. काठाला हिरवी साय धरली होती. दोन माणसं अंगरखे काढून पाण्यात उतरायच्या बेतात होती. मी त्यांना थांबवलं. आधी ते हसले, मग मी एक काडी बुडवून दाखवली तेव्हा अंगरखे खांद्यावर टाकून विहिरीकडे गेले. मला या गावात आता सगळे ओळखतात. 'वासुदेवरावांना तळ्याचं वेड आहे' असं म्हणतात. म्हणोत बापडे. हे वेड मला कुठून लागलं, ते त्यांना ठाऊक नाही.

ते ठाण्यात लागलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, कलेक्टर कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला फार सुधारलेला समजत होतो. घरात आम्ही तिघं: मी, माझी पत्नी राधा आणि माझी थोरली बहीण, आक्का. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि एकोणिसाव्या वर्षी पटकीच्या साथीत तिचे यजमान गेले. सासरच्यांनी वर्षभर ठेवली आणि मग माहेरी आणून सोडली; मला नोकरी लागल्यावर ती माझ्याकडे आली. केशवपन केलेलं डोकं, त्यावर ओढलेला तांबड्या आलवणाचा पदर, दिवसातून एकदा जेवण, आणि उरलेला सगळा वेळ स्वयंपाकघर. ती हसत नसे असं नाही. पण हसली की लगेच पदर तोंडाशी नेई, जणू कुणाची तरी वस्तू चुकून हातात आली होती.

लहानपणीची आक्का वेगळी होती. आमच्या कोकणातल्या घरामागे मोठी विहीर होती. वडिलांनी आम्हा दोघांना तिच्यातच पोहायला शिकवलं, कमरेला वाळका भोपळा बांधून. माझा भोपळा दोन उन्हाळे सुटला नाही. आक्काचा आठव्या दिवशी सुटला. वडील विहिरीत तांब्याचं पंचपात्र टाकत आणि ती सूर मारून तळाशी जाई. आम्ही काठावरून आकडे मोजायचो. पाणी अगदी स्थिर होई, आता ती येत नाही असं वाटू लागे, आणि मग तिचा हात पंचपात्रासकट वर येई. नंतर तिचं तोंड. त्या तोंडावरचं हसू ती कुणापासूनही लपवत नसे.

ठाण्यात एका उन्हाळ्यात ती सहज म्हणाली, "वासू, मला स्वप्नात पाणी दिसतं रे."

"पाणी दिसणं चांगलं असतं म्हणतात."

"चांगलं-वाईट ठाऊक नाही. मी त्यात असते."

तिच्यासाठी मी आयुष्यात एक चांगली गोष्ट केली, ती या बोलण्यातून सुचली. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर तळं होतं. त्याच्या पूर्वेच्या काठाला केवड्याची दाट रांग आणि तिच्याआड चार मोडक्या पायऱ्या होत्या. अमावास्या झाली की दशमीपर्यंत चंद्र लवकर मावळतो आणि पहाट काळोखी असते. त्या दिवसांत, गावाला जाग यायच्या आधी, मी आक्काला तिथं घेऊन जाऊ लागलो. ती केवड्याआडच्या पायऱ्यांवरून उतरे, मी थोडा पलीकडे. काळोखात तिचे हात दिसत नसत. फक्त पाणी कापल्याचा आवाज येई, सावकाश, एका लयीत, इतक्या वर्षांत काहीच विसरलेली नसल्यासारखा. मग आवाज थांबे. ती उताणी पडून राहिलेली असे. उजाडायच्या आत आम्ही घरी. राधाला ठाऊक होतं आणि ती बोलली नाही. बाकी कुणाला कळलं असतं तर आक्काला गावात तोंड दाखवणं कठीण झालं असतं, आणि मलाही.

मला त्या पहाटांचा अभिमान होता, हे इथं कबूल करायला हवं. आक्काला आनंद होत होता म्हणून तर होताच. पण बहिणीला पोहायला नेणारा माणूस म्हणून मी स्वतःवरच जास्त खूश होतो.

त्या तळ्यात शिंगाड्यांचं पीक घेणारी एक कोळीण होती, नागूबाई. पन्नाशीची, काटक, पिंढऱ्यांपर्यंत सदा ओली. नवरात्र आलं की टोपलीत हिरवे-काळे शिंगाडे घेऊन ती आमच्या मागल्या दारी येई. उपासाला आक्काला तेवढेच चालत. नागूबाई उंबऱ्याबाहेर बसून शिंगाड्यांचे काटे मोडून देई आणि आक्का आतून तिच्याशी बोलत राही. दोघी एकमेकींना कधी शिवल्या नाहीत, पण एकमेकींच्या गुडघेदुखीची हकीकत त्यांना पाठ होती.

त्या वर्षी पाऊस लवकर संपला. भाद्रपदाच्या शेवटाला ऊन असं पडलं, की तळ्याचं पाणी सकाळीदेखील कोमट लागे. सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी मी कचेरीतून येत होतो. तळ्याच्या रस्त्यावर नागूबाई उभी होती. हातात टोपली नव्हती.

"दादा, जरा ऐका," ती म्हणाली. "ती आक्का पाहाटचे पोवाला येते ना, तिला आता नको आनू."

मी चपापलो. आम्हाला कुणी पाहिलं नसेल अशीच माझी समजूत होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बाई आता काहीतरी मागणार.

"कोण येते पोहायला?" मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी कोनाला बोलले नाय. बोलायची पन नाय. पानी पिकलंय, म्हनून सांगते. इकरं या."

ती मला काठाशी घेऊन गेली. केवड्याच्या रांगेपाशी पाण्यावर हिरवा थर होता, दुधावर साय धरावी तसा. काही ठिकाणी त्यात निळसर रेघा होत्या, रंगाऱ्यानं डबा सांडल्यासारख्या. नागूबाईनं एक काडी मोडून त्यात बुडवली आणि वर काढली.

"साधा शेवाल आसला ना, तर काडीला केसांसारखा लोंबतो. त्याचं काय नाय, निसरडा आसतो तवराच. यो बघा." काडीला एकही तंतू नव्हता. बुडवली होती तिथवर ती हिरव्या रंगात रंगवल्यासारखी दिसत होती. "ही साय. संध्याकालचा वारा तिला तुमच्याच काठाला आनून टाकतो. माझा कुत्रा काल यात लोलला, मंग आंग चाटत बसला. दुपारपरत मेला. तोंडाला फेस आला न पाय ताठ झाले."

"दुसरं काही खाल्लं असेल त्यानं."

"नाय खाल्लं. मी सगले शिंगाडे पान्यातच सोडलेत, बघा. नवरात्राचं पीक हाय. मी उगा सोडीन?"

तळ्याच्या मधोमध तिची शिंगाड्यांची वेल पसरली होती आणि तिच्यावर कुणाचा हात फिरला नव्हता. मी ते पाहिलं.

"पलीकडच्या काठानं उतरलं तर?" मी विचारलं.

"तिकरचं साफ दिसतं, पन भरवसा नाय. थंडी परली की पानी निवलंल. तवर आंगाला लागू द्यायचं नाय, तोंडान तर नायच नाय. चुकून लागलं तर लगेच इहिरीच्या पान्यानं धुवायचं."

"पाणी उकळून घेतलं तर दोष जातो," मी म्हणालो. हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि वाचलेलं बोलून दाखवायची मला सवय होती.

"रोगाचा जात आसंल. याचा नाय जात. माझ्या आयसनं बघितलंय." मग ती हळू म्हणाली, "दादा, तिला सांगा हां."

मी 'बरं' म्हणालो.

घरी येताना मात्र मला राग येत गेला. आमचं गुपित त्या बाईच्या हातात होतं, हे मला सहन होत नव्हतं. तिनं मला शिकवावं, हे तर त्याहून नाही. कुत्री काय, कशानंही मरतात, असं मी मनाशी म्हटलं. अडाणी लोकांच्या समजुती. आणि घरात शिरलो तर आक्का पहाटेसाठी जुनं आलवण घडी करून ठेवत होती. वीसेक दिवस चंद्रामुळे ती पाण्यात उतरली नव्हती.

"उद्यापासून काळोख आहे ना रे?" तिनं विचारलं.

मी 'हो' म्हणालो. पुढचं बोललो नाही. उद्या सांगू, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. पहाटे आम्ही निघालो. काळोखात पाणी काळंच दिसतं, त्यावर साय आहे की नाही ते कळत नाही. वास मात्र येत होता. आक्का पायरीवर थांबली.

"वासू, आज पाण्याला वास कसला येतोय?"

"केवड्याची पानं कुजली असतील."

"तू नाही उतरत?"

"मला सर्दी झाली आहे."

मला सर्दी झाली नव्हती. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःशी वाद घालत आलो, की नागूबाईच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नव्हता, म्हणून मी आक्काला अडवलं नाही. हा वाद मी दर वेळी जिंकत आणतो, आणि दर वेळी याच जागी हरतो. विश्वास नव्हता, तर मी कोरडा का राहिलो?

आक्का त्या दिवशी खूप वेळ पोहली. एकदा सूर मारल्याचाही आवाज आला. बाहेर आली तेव्हा धापा टाकत होती आणि हसत होती. "तळाशी हात लागला," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी लागला रे." तिच्या कपाळावर, ओठांवर काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं. घरी जाऊन विहिरीच्या पाण्यानं आंघोळ कर, एवढं तरी मला सांगता आलं असतं. ती ओल्यानंच देवघर सारवायला बसली. त्या दिवशी घट बसायचे होते.

दुपारी तिच्या अंगाला खाज सुटली. आलवण जिथं कमरेला घट्ट आवळलेलं होतं, तिथं लाल चट्टे उठले. संध्याकाळी ओठ सुजले, घसा बसला, मग ओकाऱ्या सुरू झाल्या. रात्री ताप चढला. वैद्य आले आणि पित्त म्हणाले. चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा त्यांनी पित्त हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "यांच्या पोटात काही गेलं का?" मी 'नाही' म्हणालो.

त्याच दिवशी शेजारच्या काकू बघायला आल्या. कुणीतरी आक्काला पहाटे ओल्या वस्त्रानं घरात शिरताना पाहिलं होतं आणि ते त्यांच्या कानावर गेलं होतं. काकू वाईट नव्हत्या. आम्ही आजारी पडलो तर पेज त्यांच्याकडूनच येई. त्या अंथरुणाशी बसल्या आणि आक्काला नावानं हाक मारत म्हणाल्या, "यमे, खरं सांग. तू तळ्यात गेली होतीस?"

मी दाराशी उभा होतो. आक्कानं माझ्याकडे एकदा पाहिलं.

"गेले होते," ती म्हणाली.

"कुणाबरोबर?"

"एकटीच."

"घटस्थापनेच्या दिवशी, तळ्याकाठी देवी बसलेली असताना, पोहायला गेलीस? या वेषात?"

 आक्काच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "देवी शिक्षा करते आणि सोडवतेही. तिची क्षमा माग. पुन्हा पाण्यात पाय घालणार नाही म्हण."

"नाही घालणार," आक्का म्हणाली.

तेव्हा एक पाऊल पुढं टाकून मला दोन वाक्यं बोलायची होती. मी तिला नेलं होतं. आणि पाणी खराब आहे हे मला सांगितलेलं होतं. मी पाऊल टाकलं नाही. आधी बरी तर होऊ दे, मग बोलू, असं मला वाटलं. गुन्हेगाराला मुदत फार आवडते.

आक्का बरी झाली. दोन महिने लागले. तोवर त्या काठावर एका गवळ्याचं रेडकू मेलं आणि मग सगळं गाव तळ्यापासून दूर राहिलं. नागूबाई मागल्या दारी आली ती कार्तिकात. शिंगाडे नव्हते. आक्का अंथरुणातूनच तिच्याशी थोडं बोलली आणि मग तिचा डोळा लागला.

"तुमी सांगितलं नाय," ती मला म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"नाही."

"मंग आता सांगा. देवीनं केलं आसं ती समजत्ये. मना बोलली. ते पान्यानं केलं, देवीनं नाय. सांगितलं तर पानी निवलल्यावर पुन्ना उतरंल बिचारी."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी ती शिंगाडे घेऊन आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. माझ्याशी मात्र त्यानंतर कधी बोलली नाही.

मग माझी कल्याणला बदली झाली. आगगाडीच्या डब्यात भांड्यांच्या पेटाऱ्यावर बसून आक्का खिडकीबाहेर बघत होती. मिठागरं गेली, दिव्याची खाडी गेली, डोंबिवलीजवळ भात पिवळं पडत आलं होतं. शेतांच्या मधे जिथं जिथं पाणी चमके, तिथं तिथं ती मान आत वळवत होती. मी समोर बसलो होतो. हेही मी पाहिलं, आणि ठाकुर्लीपर्यंत डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

कल्याणला आल्यावर माझं ते वेड वाढत गेलं. आश्विन लागला की मी तळ्याच्या काठानं चक्कर मारी. काडी बुडवून पाही. तंतू लोंबले तर काही बोलत नसे. काडी रंगवून निघाली की घरोघर सांगत फिरे: या पाण्यात उतरू नका, गुरं पाजू नका, भांडी घासू नका. उकळून पिऊ नका, उकळल्यानं हे जात नाही. अंगाला लागलंच तर विहिरीच्या पाण्यानं लगेच धुवा. समोरचा काठ स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. शब्द नागूबाईचे होते. मी ते माझे म्हणून सांगत होतो. काही लोक हसत, काही ऐकत. दोन वेळा गुरं वाचली, असं गवळ्यांनीच येऊन सांगितलं. मी सगळ्या गावाला सांगितलं, एका माणसाला सोडून. ती माणूस माझ्याच घरात माझ्यासाठी भाकरी थापत होती.

आक्का तोवर आणखी कडक झाली होती. नवरात्राचे नऊही दिवस ती नुसत्या पाण्यावर काढी. स्वतःच्या हातून देवीचा अपराध झाला आहे, हे तिनं इतकं आत मुरवलं होतं, की ते तिच्या चालण्यातसुद्धा दिसे. आता मला वाटतं, हिरवी साय तिच्या अंगावरून दोन महिन्यांत गेली. माझ्या गप्प बसण्याची तिच्यावर राहिली.

गेल्या वर्षी माझी मुलगी गोदू नऊ वर्षांची झाली. लग्नानंतर फार उशिरा झालेलं मूल, म्हणून लाडाची. मुलींच्या शाळेत जाते आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते. एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मला पोहायला शिकवा ना."

मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, "नको."

"का, आत्या?"

"आपल्या घराला तळं धार्जिणं नाही. देवी रागावलेली आहे."

"कुणावर?"

"माझ्यावर," आक्का म्हणाली. "पण घर तेच आहे ना, बाळ."

गोदूचा हात ताटातच थांबला. तिनं आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. पाण्याची नव्हे, आत्याची. एवढी चांगली माणूस, आणि देव तिच्यावर का रागावला असेल, असं काहीतरी. आक्काला ते दिसलं आणि तिनं मान खाली घातली.

जेवणं झाल्यावर राधा गोदूला घेऊन बाहेर गेली. आक्का मागल्या पडवीत पावटे सोलत बसली होती. दुपारचं ऊन तिच्या पायांवर आलं होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आक्का, देवी रागावलेली नाही," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. नागूबाई भेटली ते. काडी, कुत्रा, न तोडलेले शिंगाडे. तिला सांगा असं ती मला म्हणाली ते, आणि मी 'बरं' म्हणालो ते. वैद्यांशी खोटं बोललो ते. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, तिच्या बोटांकडे बघत होतो. ती बोटं शेंगा सोलत होती. एकदाही थांबली नाहीत.

माझं बोलणं संपल्यावर तिनं सालींचा ढीग बाजूला सारला.

"म्हणून तू त्या दिवशी उतरला नाहीस," ती म्हणाली.

"हो."

"सर्दी नव्हती."

"नव्हती."

तिनं आणखी एक शेंग सोलली. दाणे सुपात पडले.

"म्हणजे थंडीत पाणी निवळलं, तेव्हा मला उतरता आलं असतं," ती म्हणाली. "त्याच वर्षी."

"हो."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी."

 ती वर्षं मोजत होती हे मला कळत होतं, आणि ती एकेक करून सगळी मोजणार होती. सतरा झाली होती. तिचे बत्तिसाव्या वर्षीचे हात मला आठवले, काळोखात पाणी कापणारे. समोरच्या हातांवर शिरा वर आल्या होत्या आणि उजव्या हाताचं मनगट वाकडं झालं होतं.

तिनं सूप उचललं आणि आत गेली. संध्याकाळी रोजच्यासारखं मला पान वाढलं. त्या दिवशीपासून आजपर्यंत ती मला वेडंवाकडं एक अक्षर बोललेली नाही. नवरात्रात तिनं चार दिवस उपास केला आणि पाचव्या दिवशी वाटीभर भात खाल्ला. राधा भ्यायली.  माझा आता बोलायचा हक्क नव्हता.

मार्गशीर्षात पाणी निवळलं. तळ दिसू लागला, त्यातले दगडदेखील. एका सकाळी आक्का स्वतःच गोदूला घेऊन निघाली. चांगलं लखलखीत उजाडलेलं होतं, आणि तिला कुणापासून लपायचं नव्हतं, कारण ती पाण्यात उतरणारच नव्हती. "आता हात चालायचे नाहीत," एवढंच ती राधाला म्हणाली. ती काठावर बसली आणि कमरेला भोपळा बांधलेल्या गोदूला वरून सांगू लागली. पाय गुडघ्यातून नको, मांडीतून मार. तोंड मिटू नकोस, श्वास सोड. पाण्याशी भांडू नकोस, ते तुला धरतं. माझ्या वडिलांचे शब्द होते. मला ते पाठ नव्हते. तिला होते.

मी तिच्यापासून दोन पायऱ्या वर बसलो होतो. गोदू खाली हातपाय झाडत होती आणि सगळं पाणी उसळत होतं. आक्का तिच्याकडेच बघत होती. मान न वळवता म्हणाली, "वासू, तू का सांगितलं नाहीस, हे मी तुला कधी विचारणार नाही."

"विचार ना," मी म्हणालो.

"नाही. तू उत्तर तयार ठेवलं असशील."

होतं. सतरा वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. माझं वय, माझी भीती, गावाची तोंडं, तुला दुखवायचं नव्हतं हे, सगळं त्यात नीट बसवलेलं. तिनं विचारलं असतं तर मी ते दिलं असतं, आणि कदाचित तिनं ते घेतलंही असतं. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे.

तिनं विचारलं नाही. अजूनही विचारत नाही. ते उत्तर माझ्याजवळ तसंच पडून आहे, आणि ते कुणाला द्यावं ते मला कळत नाही.